तिसऱ्यांदा विचारलं तर

दारातून आधी कोणी आत जायचं, या प्रश्नावर इराणातल्या आमच्या काशानमध्ये माणसं म्हातारी झालेली आहेत. या खेळातले सर्वांत मुरलेले खेळाडू म्हणजे माझ्या तलअतखालाचे, म्हणजे मावशीचे, यजमान, ऐनुल्लाखान नियासरी. टेलिफोन खात्यातून निवृत्त, सेतारवादक, आणि माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात कुठल्याही दारातून पहिले न शिरलेले एकमेव गृहस्थ. स्वतःच्या लग्नातही ते शेवटी आत आले. दारात उभं राहून "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत त्यांनी पाहुणे, पाहुण्यांची पोरं, आचारी आणि पत्ता चुकलेला एक बर्फवाला अशा सगळ्यांना आत सोडलं. ते आत पोहोचले तेव्हा जेवणं अर्धी उरकली होती आणि नवरदेव नक्की कोण, यावर नवरीकडच्या दोन बायकांची पैज लागली होती. ही हकिकत खाला अजून सांगते. सांगताना ती हसत नाही.

आमच्याकडे या रीतीला तआरुफ म्हणतात. कोणी काही देऊ केलं की नको म्हणायचं, पुन्हा दिलं की पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा दिलं की अगदी नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं. कोणी गुण विचारले की "मला काय येतं?" म्हणायचं. सगळेच म्हणतात. टॅक्सीवालासुद्धा "राहू द्या हो भाडं" म्हणतो, आणि तुम्ही खरंच न देता उतरलात तर गल्लीच्या टोकापर्यंत शिव्या देत येतो. फरक इतकाच, की हा खेळ कुठे थांबवायचा ते टॅक्सीवाल्याला कळतं. ऐनुल्लाखानांच्या नम्रतेला ब्रेक बसवायचा राहून गेला होता. नानवाईच्या रांगेत ते मागच्याला पुढे सोडत, त्याच्या मागच्याला त्याच्याही पुढे सोडत, आणि रोज सकाळी करपलेली शेवटची रोटी घेऊन घरी येत. गावात आपल्याइतका विनयशील माणूस दुसरा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि या गोष्टीचा त्यांना फार गर्व होता.

त्यांनी वाद्यही स्वभावाला शोभेल असंच निवडलं. सेतारच्या नावात तारा तीन, अंगावर चार. चौथीबद्दल ती स्वतःहून बोलत नाही. आवाज इतका बारीक, की शेजारच्या खोलीत चहाचा समोवार उकळायला लागला तरी सेतार मागे सरून त्याला वाट करून देते. तर्जनीच्या नखाने वाजवायची, मांडीवर घेऊन, जवळजवळ स्वतःशीच.

ऐनुल्लाखान ती मिर्झा बदीउल्लांकडे शिकले. मिर्झांकडे रदीफ होता, म्हणजे जुन्या उस्तादांकडून चालत आलेल्या शेकडो सुरावटींचा सगळा संच, क्रमवार, जागच्या जागी. त्यातल्या एकेका सुरावटीला गुशे म्हणतात, म्हणजे कोपरा. हा संच मिर्झांनी कधी कागदावर उतरवू दिला नाही. लिहिलेला सूर म्हणजे चित्रातला चहा, असं ते म्हणत. शिष्याने समोर बसायचं, उस्तादाने वाजवायचं, आणि सूर या छातीतून त्या छातीत जायचा. पद्धत उत्तमच होती. तिच्यात एकच गोम होती, की छाती मरते.

शिकवण्याचीही रीत ठरलेली होती. शिष्याने गुशे मागायचा. मिर्झा म्हणणार, मला काय येतं? शिष्याने पुन्हा मागायचा. मिर्झा म्हणणार, अरे, तेहरानला जा, तिकडे खरे उस्ताद आहेत. तिसऱ्यांदा मागितला की मिर्झा सुस्कारा सोडून सेतार उचलणार. ऐनुल्लाखानांनी असा एकेक कोपरा मागून घेतला. सगळ्यांत शेवटी मिळाला पुश्तेदर. पुश्तेदर म्हणजे दाराबाहेर. नवा नावाच्या मोठ्या मालिकेच्या शेवटी येणारा हा लहानसा गुशे. सूर मुक्कामाच्या स्वरापर्यंत येतो, उंबऱ्यावर थबकतो आणि मागे फिरतो. पुन्हा येतो, पुन्हा फिरतो. मग तिसऱ्यांदा येतो, आत शिरतो आणि बसतो. बस, एवढंच. तो मिर्झांखेरीज कोणाकडे नव्हता, आणि देताना मिर्झांनी बजावलं होतं की हा अशालाच दे, जो तीनदा मागेल.

मिर्झांचा दुसरा शिष्य होता फरेदून फरहमंद. सबंध काशानात "आधी तुम्ही" या शब्दांचा सरळ अर्थ घेणारा हा एकटाच माणूस. दारात कोणी "आधी तुम्ही" म्हणालं की तो "बरं" म्हणून आत जायचा. लोक थक्क होऊन त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. त्यानेही मिर्झांकडे पुश्तेदर मागितला होता, एकदा. मिर्झा म्हणाले, मला काय येतं? फरेदून म्हणाला, बरं, राहू दे मग. आणि जोडे घालून निघून गेला. मिर्झा आठवडाभर जेवले नाहीत म्हणतात.

पुढे राजधानीच्या रेडिओवरून माणसं वादक निवडायला आली. मिर्झांचे दोघे शिष्य एकाच दारात समोरासमोर आले, आणि आत जागा एकच होती. ऐनुल्लाखान म्हणाले, "आधी तुम्ही." फरेदून म्हणाला, "बरं." एवढ्यावर दोन आयुष्यं ठरली. फरेदून उस्ताद फरहमंद झाला, तेहरानात राहिला, परदेशात वाजवून आला, नावापुढे पदव्या आणि नावामागे माणसं लागली. ऐनुल्लाखान टेलिफोन खात्यात चिकटले, आणि पुढची सगळी वर्षं लोकांच्या तारा जोडून देत स्वतः मध्ये राहिले.

खाला एरवी त्यांना टाकून बोलत नाही, पण या विषयावर तिचं मत ठाम आहे. भीड ही भिकेची बहीण, आणि ती माझी सवत होऊन या घरात आली, असं ती म्हणते.

निवृत्तीनंतर ऐनुल्लाखानांनी घरी शिष्य घ्यायचं ठरवलं. म्हणजे दारावर पाटी लावली नाही, कोणाला सांगितलं नाही, आणि शिष्य येण्याची वाट बघत बसले. तरी काही आलेच. पण ही आजकालची मुलं. एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी आला, म्हणाला, "उस्ताद, मला रदीफ शिकवाल?" ऐनुल्लाखान म्हणाले, "मला काय येतं?" मुलगा बिचारा ओशाळला, चुकीच्या घरी आलो म्हणून माफी मागून गेला, आणि इंटरनेटवरून गिटार शिकला. दुसरी एक मुलगी दोनदा विचारण्यापर्यंत पोहोचली होती, पण ऐनुल्लाखानांनी तिला इतक्या मनापासून तेहरानला जायला सांगितलं की ती गेली. अशा तऱ्हेने त्यांनी तो ठेवा जिवापाड जपला. काशानमधला कोणताही चोर त्यांच्याकडून एक सूरही नेऊ शकला नसता, आणि शिष्यही नाही.

मग त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या पेल्यात लाटा उठल्या. मग तर्जनीचं नख शेजारच्या तारेवर पडू लागलं. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, आणि खालाला बाजूला घेऊन सांगितलं की हे कमी होणारं दुखणं नाही. त्या दिवसापासून घरात एकच विषय झाला: हात आहे तोवर पुश्तेदर कोणाच्या तरी हातात पडायला हवा. विषय होता खरा, पण तो काढायचा कोणी नाही, कारण तो ऐनुल्लाखानांनी स्वतः काढणं म्हणजे बढाई झाली असती.

मी यंत्रांवर पोट भरणारा माणूस. मी म्हणालो, फोनमध्ये भरून ठेवू. त्यांनी फोनकडे बघितलं आणि विचारलं, "हा तीनदा मागतो का?" बरं, मग मी मागितला. एकदा, दोनदा, तीनदा, नियमाप्रमाणे. त्यावर जन्मभर "मला काय येतं" म्हणणारे ऐनुल्लाखान प्रथमच म्हणाले, "पण तुला काय येतं?" तेही खरंच होतं. सूर आणि वॉशर यांतलं मला वॉशरच कळतं. खालाने मागितला तर म्हणाले, घरच्यांचा आग्रह मोजत नसतात.

आणि मग गेल्या वसंतात, गुलाबपाण्याच्या भट्ट्या पेटल्या असताना, राजधानीतल्या एका संगीत-जतन केंद्राची माणसं गावात आली. देशभरच्या म्हाताऱ्यांकडून रदीफ गोळा करायचा, यंत्रात भरायचा आणि कायमचा वाचवायचा, असं त्यांचं काम. खालाने घर धुऊन काढलं. ऐनुल्लाखानांनी पहाटेपासून सेतार इतक्या वेळा सुरात लावली की तारांना ताप यायचा बाकी राहिला. आलेल्या माणसाचं नाव पर्हाम सालारी. तरुण, चटपटीत, माइक असा की माझ्यासारख्याने नुसता बघत बसावं. त्याने वायर पसरल्या, हेडफोन कानाला लावले, आणि विचारलं की नवामधला एक दुर्मिळ गुशे तुम्हाला येतो असं ऐकलंय.

"छे छे," ऐनुल्लाखान म्हणाले. "मला काय येतं? मिर्झांच्या जोड्याची धूळ मी."

"अच्छा," पर्हाम म्हणाला, आणि त्याने लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं.

ऐनुल्लाखान मान झुकवून, हसू ओठांत धरून, दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले. सेतार त्यांनी नकळत मांडीवर ओढली होती. माझ्या बाजूने लॅपटॉपचा पडदा दिसत होता. त्यावर लिहिलं होतं: काही येत नाही, स्वतःचीच कबुली. पर्हाम वायर गुंडाळू लागला. स्वयंपाकघरात खालाच्या हातून काहीतरी पडलं. मला वाटतं, ते पडलं नसावं, आपटलं असावं.

त्या गोंधळात ऐनुल्लाखानांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आता जेवूनच जा." हे आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. दार बंद करताना म्हणतो, फोन ठेवताना म्हणतो.

"चालेल," पर्हाम म्हणाला.

दोघांपुरता मटण-घेवडा होता. पर्हामने आणि त्याच्या ड्रायव्हरने तो आवडीने संपवला, वर गुलाबाचा मुरंबा मागून घेतला. आम्ही तिघांनी नंतर पाव, पनीर आणि कलिंगड खाल्लं. शेवटी खाला म्हणाली, "जेवायला एकदा विचारलं तर बसला. वाजवायला दुसऱ्यांदा विचारायला त्याच्या जिभेला काय काटे टोचत होते?"

"मुलगा चांगला आहे," ऐनुल्लाखान म्हणाले. "माझा शब्द त्याने खरा मानला. आजवर कोणी मानला होता?"

हे ते कौतुकाने म्हणाले की रडकुंडीला येऊन, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

दोन महिन्यांनी खालाने निर्णय घेतला. नवऱ्याने आयुष्यात एकदा, फक्त एकदा, "मला येतं" असं म्हणायचं. तिने त्यांना आरशासमोर उभं केलं. पहिल्या खेपेला ते म्हणाले, "आपल्या कृपेने, मोडकंतोडकं, म्हणजे नाहीच म्हणा." खालाने हातातला डाव उगारला. चार दिवसांच्या तालमीनंतर ते डोळे मिटून, कडू काढा गिळल्यासारखे म्हणाले, "मला पुश्तेदर येतो." खालाच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नात कबूल म्हणतानासुद्धा त्यांचा आवाज एवढा स्पष्ट नव्हता, असं तिने मला सांगितलं.

केंद्राने गावात एक घर भाड्याने घेतलं होतं. मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. रांगेत त्यांनी तिघांना पुढे सोडलं, चौथ्याला सोडणार तोच मी त्यांना दंडाला धरून आत लोटलं. पर्हाम समोर बसला होता, पण आता तो पूर्वीचा पर्हाम राहिला नव्हता. मधल्या काळात असं झालं होतं की काशानातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने त्याला "मला काय येतं" असंच सांगितलं होतं, आणि त्याने राजधानीला तसा अहवाल पाठवला होता: काशानमध्ये कोणालाही काहीही येत नाही. तिथल्या एका वयस्क साहेबाने तो वाचून कपाळ बडवलं, आणि त्याला नवा नियम लावून दिला. जो येत नाही म्हणेल त्याला आणखी दोनदा विचार. आणि जो आपणहून येतं म्हणत येईल त्याला चहा पाजून वाटेला लाव, कारण खऱ्या उस्तादाच्या तोंडून हा शब्द निघत नाही.

नियम सुरेख होता. माणसाच्या स्वभावाचा अभ्यास करूनच बनवलेला होता. त्याचा पहिला बळी आत येऊन डोळे मिटून म्हणाला, "मला पुश्तेदर येतो. आणि फक्त मलाच येतो."

पर्हामने शेजारच्या माणसाकडे बघितलं. शेजारच्या माणसाने चहा ओतला.

"आपण मागे भेटलो होतो ना?" पर्हाम गोड आवाजात म्हणाला. "तेव्हा तुम्हीच म्हणालात, काही येत नाही. दोन महिन्यांत आलं?"

मी मध्ये पडलो. मी सांगितलं की हे नेहमी नाहीच म्हणतात, आज बायकोने म्हणायला लावलं म्हणून हो म्हणाले. हे ऐकून पर्हामच्या मनातला उरलासुरला संशयही फिटला. ऐनुल्लाखानांनी चहा घेतला. पेल्यात लाटा होत्या. उठताना ते म्हणाले, "आपल्याला उगाच त्रास दिला," आणि दारात त्यांनी मला पुढे सोडलं.

घरी येऊन त्यांनी सेतार पिशवीत घातली आणि भिंतीवर टांगली. एका शब्दासाठी त्यांनी साठ वर्षांची अब्रू घालवली होती, आणि तो शब्दही कोणी घेतला नव्हता. पुढे ते फारसं बोलेनात. रांगेत लोकांना पुढे सोडणंही त्यांनी बंद केलं, कारण ते रांगेतच जाईनात. रोटी मी आणू लागलो, गरम आणि न करपलेली. खालाने ती एकदा खाल्ली आणि ती रडली.

उन्हाळा तापला. एके दुपारी, गाव झोपलेलं असताना, दारावर थाप पडली. बाहेर उस्ताद फरेदून फरहमंद उभे होते. रेशमी रुमाल, हातात काठी, गुडघे गेलेले. केंद्राने त्यांना सल्लागार नेमलं होतं, आणि त्यांनी एकट्याने जवळजवळ सगळा रदीफ केंद्राच्या यंत्रात भरून दिला होता. नवाची मालिका संपत आली आणि शेवटच्या जागेवर भोक राहिलं. ते भोक कशाचं, हे देशात दोनच माणसांना ठाऊक होतं.

ऐनुल्लाखानांनी त्यांना वरच्या बाजूला, तक्क्याशी बसवलं. तब्येती विचारून झाल्या, मेलेल्यांची विचारपूस झाली. खालाने चहा ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली, पण फार आत नाही.

"ऐनुल्ला," फरेदून म्हणाले, "मला पुश्तेदर हवाय."

"मला काय येतं, फरेदूनखान?"

"बरं," फरेदून म्हणाले.

जन्माची खोड. त्यांनी पेला खाली ठेवला, काठीवर भार देऊन उठले, आणि दाराकडे निघाले. मला वाटलं, आता खाला बाहेर येऊन दोघांच्याही डोक्यात समोवार घालणार. फरेदूननी वाकून एक जोडा घातला. दुसरा घालता घालता ते थांबले. भिंतीला हात टेकून तसेच उभे राहिले.

"मिर्झांनाही मी एकदाच विचारलं होतं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पुन्हा विचारतो. दे."

"तुमच्यासारख्याने माझ्याकडे मागायचं म्हणजे," ऐनुल्लाखान म्हणाले, "समुद्राने मडक्याकडे पाणी मागायचं. तेहरानात मोठे मोठे लोक आहेत."

मी मनातल्या मनात ओरडत होतो की बास, द्या आता, पण रीत म्हणजे रीत. फरेदून उंबरा ओलांडून बाहेर अंगणात गेले. एका पायात जोडा, एक पाय तापल्या फरशीवर. तिथे ते वळले. उन्हात डोळे बारीक करून आत बघत, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. हा माणूस दाराबाहेर उभा आहे आणि आत यायची वाट बघतोय, असं काशानमध्ये पूर्वी कोणी पाहिलेलं नव्हतं.

"मला तो येत नाही, ऐनुल्ला," ते म्हणाले. "त्या पोरांसमोर सगळं येतं म्हणून बसलोय, आणि हा येत नाही. त्या दिवशी रेडिओच्या दारात तू आधी तुम्ही म्हणालास. ते खरं नव्हतं, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच घाईने आत गेलो. आता तिसऱ्यांदा मागतोय. नाही म्हणालास तर हा तुझ्याबरोबर मातीत जाईल, आणि मिर्झा वर आपल्या दोघांनाही दारात उभं करतील."

ऐनुल्लाखानांनी त्यांच्या अनवाणी पायाकडे बघितलं.

"आत ये," शेवटी ते म्हणाले. "पाय भाजेल."

सेतार भिंतीवरून उतरली, पण ऐनुल्लाखानांच्या हाती ती आता बोलेना. नख थरथरत भलत्याच तारेवर पडे. दोनदा प्रयत्न केला, आणि मग त्यांनी ती फरेदूनच्या मांडीवर ठेवली आणि गुशे गाऊन दाखवायला लागले. त्यांचा गळा म्हणजे तेल न दिलेली बिजागरी. पण सूर जागच्या जागी पडत होता, हे सेतार कशी पटकन ओळखत होती त्यावरून मलाही कळलं. फरेदूनच्या बोटांना स्वर एका दुपारीच मिळाले. अडलं ते भलतीकडेच.

"उंबऱ्यावर थांब," ऐनुल्लाखान म्हणायचे. "मागे फिर. अरे, मागे फिर. तू दर वेळी सरळ आत घुसतोस."

"सवय आहे."

"माहीत आहे. पुन्हा."

देशभर गाजलेल्या उस्तादाला मागे फिरायला शिकायला आठवड्याहून जास्त लागलं. रोज दुपारी ते यायचे, रोज दारात थबकायचे, आणि ऐनुल्लाखान आतून "आधी तुम्ही" म्हणायच्या ऐवजी "ये रे" म्हणायचे. खाला मटण-घेवडा चौघांपुरता शिजवू लागली. एका दुपारी फरेदूनने सुरावट मुक्कामाच्या स्वरापर्यंत नेली, थांबवली, मागे आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. आणि तिसऱ्यांदा सूर इतक्या हलकेच आत शिरला की ऐनुल्लाखानांनी मान खाली घातली आणि रुमाल शोधला. मला वाटलं, आता शाबासकी देतील. ते म्हणाले, "मिर्झा म्हणाले असते, बरा आहे."

पुश्तेदर केंद्रात भरला गेला. फरेदूनने वाजवण्याआधी माइकसमोर सांगितलं की हा गुशे माझा नाही, हा काशानच्या ऐनुल्लाखान नियासरींचा, मी नुसता हमाल. फरेदून फरहमंदने स्वतःला हमाल म्हणण्याचा हा इतिहासातला पहिलाच प्रसंग. पण पर्हाम आपल्या कामात चोख होता. जतन संगीताचं करायचं असतं, बोलण्याचं नाही. त्याने खोकला, खुर्चीची करकर आणि ते वाक्य एकाच झटक्यात साफ करून टाकलं. मी ती ध्वनिफीत ऐकली आहे. स्वच्छतेत नाव ठेवायला जागा नाही. नावच नाही.

मोहरमच्या आधी एका कार्यक्रमात टीव्हीवर तो गुशे लागला. सगळे नातेवाईक जमले होते. आमच्याकडे टीव्हीवर वाद्य दाखवत नाहीत. वाद्य वाजत असताना फुलं किंवा धबधबा दाखवतात. त्यामुळे पुश्तेदर चालू असताना पडद्यावर आमच्याच शिवारातले गुलाब डोलत होते. ना वादक, ना वाद्य, ना नाव. इतकी नम्रता ऐनुल्लाखानांनासुद्धा जन्मभर साधली नव्हती.

खाला उठून उभी राहिली. "नाव कुठाय?" तिने टीव्हीलाच विचारलं. मग टीव्ही बोलत नाही असं बघून तिने फरेदूनच्या सात पिढ्यांची चौकशी सुरू केली.

"त्याने सांगितलं असेल," ऐनुल्लाखान म्हणाले.

"सांगितलं असतं तर आलं नसतं?"

"त्याने तीनदा विचारलं, तलअत. मग मी हिशेब कसला ठेवू? त्या मागण्यापुढे नावाची काय किंमत." आणि कापऱ्या हाताने त्यांनी सगळ्या घराला चहा घ्यायचा आग्रह केला. आपला पेला त्यांनी अर्थातच शेवटी घेतला.

यावर गोष्ट संपली असती, आणि मग मला खालाच्या बाजूने लिहावं लागलं असतं. पण शरद ऋतूत एक दिवस घरी फोन आला. आवाज मुलीचा. तिने विचारलं, ऐनुल्लाखान पुश्तेदर शिकवतात का? खालाने फोन घेतला होता, तिने लगेच ये म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आवीशन नावाची मुलगी उभी, खांद्यावर सेतार. तिने दारातच तोच प्रश्न पुन्हा विचारला. खाला तिला आत घेऊन आली. ऐनुल्लाखान खिडकीशी बसले होते. मुलीने सलाम केला, गुडघ्यांवर बसली, आणि सांगायला लागली की ती तेहरानला उस्ताद फरहमंदांकडे गेली होती, टीव्हीवर ऐकलं म्हणून पुश्तेदर मागायला.

"मग?" ऐनुल्लाखानांनी विचारलं. "दिला त्याने?"

"नाही. म्हणाले, मला काय येतं?"

ऐनुल्लाखानांनी मान वर केली. "फरेदून असं म्हणाला?"

"हो. मी पुन्हा विचारलं तर म्हणाले, मी फक्त हमाल आहे, काशानला जा, ज्याचा आहे त्याच्याकडे माग. त्यांनी सगळ्या वर्गासमोर तुमचं नाव घेतलं. आता सगळ्यांना माहीत आहे." मग ती जराशी पुढे सरकली. "उस्ताद, मला शिकवाल?"

ऐनुल्लाखानांनी हसू ओठांत धरलं, मान झुकवली, आणि तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, खालाला ठाऊक होतं, भिंतीवरच्या सेतारलाही ठाऊक असेल. मुलगी आजकालची. ती "बरं" म्हणून उठणार, हेही आम्हाला दिसत होतं.

"झाले तीन," खाला स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कुठे तीन?" ऐनुल्लाखान म्हणाले. "ही तर आत्ताच..."

"काल फोनवर एकदा. आज दारात एकदा. आता एकदा. मी मोजलेत."

"पण पहिले दोन मला नव्हते विचारले."

"घर एकच आहे," खाला म्हणाली. "आणि तुमच्या मोजणीने जगलो असतो तर आज आपलं लग्नसुद्धा बाकी असतं."

ऐनुल्लाखानांनी माझ्याकडे बघितलं. मी कूलरच्या पंख्याकडे बघितलं. मग त्यांनी सुस्कारा सोडला, अगदी नाइलाज झाल्यासारखा, आणि मुलीला सेतार मांडीवर घ्यायला सांगितलं. बिजागरी करकरली. सूर मुक्कामापर्यंत आला, उंबऱ्यावर थबकला, आणि मुलीची बोटं सरळ आत घुसली.

"थांब," ऐनुल्लाखान म्हणाले. "मागे फिर. सगळे तिथेच चुकतात."